पत्र्याला फुटलेला घाम: एका कंटेनर घराचं आतलं काम दुसऱ्यांदा करताना

पलंगामागचं प्लायचं पॅनल आम्ही सकाळी साडेसहाला उघडलं. वेळ मुद्दाम तीच निवडली होती, कारण घरमालकीण ताई फोनवर म्हणाल्या होत्या, "वास पहाटे जास्त येतो, दुपारी खिडक्या उघडल्या की जातो." आठ स्क्रू काढून पॅनल पुढे ओढलं, तर ते हाताला नको इतकं जड लागलं. मागची बाजू खालून गुडघाभर काळी पडलेली, ग्लासवूल चिंब होऊन खाली बसलेलं, आणि त्यामागच्या उघड्या पत्र्यावर थेंबच थेंब. पन्हळीच्या प्रत्येक खाचेतून एकेक ओघळ तळाच्या पट्टीत उतरत होता. बाहेर आठवडाभर पावसाचा टिपूस नव्हता.

छत गळतंय, अशी घरमालकांची पक्की समजूत होती. त्यासाठी त्यांनी छतावर दोनदा वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं. पाणी छतातून येतच नव्हतं. ते त्यांच्याच श्वासातलं, अंघोळीतलं आणि स्वयंपाकातलं होतं, हे पटवून द्यायला मला तो थेंबाळलेला पत्राच दाखवावा लागला.

घर एकच ४० फुटी हाय क्यूब, म्हणजे साध्यापेक्षा फूटभर उंच, कंटेनर. राहणारी माणसं दोन. आतलं काम पूर्ण होऊन दीड वर्ष झालेलं. आधीच्या कंत्राटदाराने जे केलं ते बहुतेक ठिकाणी असंच केलं जातं: पत्र्याला थेट टेकवून ५० मिलिमीटरचे लाकडी बॅटन, म्हणजे उभ्या पट्ट्या, मधल्या जागेत ग्लासवूल, वर १२ मिलिमीटर प्लाय आणि लॅमिनेट. विटांच्या भिंतीला पॅनेलिंग करावं तसं. दिसायला काम सुबक होतं, सांधे जुळलेले होते. सुताराचा हात चांगला होता, हे मी आजही म्हणेन. चूक सुतारकामात नव्हती, पत्र्याला भिंत समजण्यात होती.

मोजमाप काय सांगत होतं

त्या सकाळी खोलीत २२ अंश तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता होती. अशा हवेचा दवबिंदू साधारण १५ अंश येतो, म्हणजे १५ अंशांपेक्षा थंड पृष्ठभागावर ती हवा पाणी सोडणारच. पत्रा होता ११ अंशांवर. ग्लासवूल उष्णता अडवतं, पण बाष्प अडवत नाही. उलट त्याच्यामुळे पत्रा खोलीच्या उबेपासून तुटतो आणि आणखी गार पडतो. प्लायच्या फटींतून, स्विचबोर्डाच्या मागून, स्कर्टिंगच्या खालून दमट हवा आत शिरते आणि जाऊन त्या गार पत्र्याला भिडते. समुद्रावर माल नेणाऱ्यांना हे जुनं दुखणं आहे. छताच्या आतून मालावर टपकणाऱ्या या पाण्याला ते 'कंटेनर रेन' म्हणतात.

"दादा, मग एक दणकट एक्झॉस्ट पंखा लावला तर भागणार नाही का?" ताईंचा हा प्रश्न रास्त होता, कारण सगळं उखडायचं म्हणजे पुन्हा घराबाहेर राहायचं. म्हणून त्यांच्यासमोरच कागदावर हिशेब मांडला. आर्द्रता ५० टक्क्यांवर आणली तरी २२ अंशांच्या हवेचा दवबिंदू ११ च्या आसपास राहतो, म्हणजे पत्रा अगदी काठावर. रिकाम्या कंटेनरच्या आत सुमारे ७६ घनमीटर हवा मावते. २२ अंशांना एवढ्या हवेची आर्द्रता ५० वरून ६५ टक्क्यांवर जायला जेमतेम पाव लिटर पाण्याची वाफ पुरते. झोपलेली दोन माणसं एका रात्रीत अर्ध्या लिटरहून जास्त वाफ श्वासातून आणि अंगातून सोडतात. पंखा हवाच, पण एकटा पंखा ही शर्यत जिंकणार नाही. दमट हवेला गार पत्रा सापडताच कामा नये, हाच उपाय. आणि तो बाहेरून रंग मारून किंवा प्लायवर बुरशीनाशक लावून होत नाही.

उखडायचं ठरलं.

आधी लोखंड

प्लाय आणि ग्लासवूल निघाल्यावर आम्ही भर दुपारी कंटेनरची सगळी दारं-खिडक्या झाकून आत काळोख केला आणि दहा मिनिटं नुसते उभे राहिलो. डोळे सरावले की पत्र्यातलं सुईएवढं भोकही ताऱ्यासारखं चमकतं. तीन सापडली, तिन्ही जुन्या बॅटनच्या स्क्रूंची. ज्यांनी स्क्रू मारला त्यांनी बाहेरून सिलिकॉन भरलं होतं, पण उन्हात तापणाऱ्या पत्र्यावर ते सुटून आलं होतं. कंटेनरच्या बाजूचा पत्रा बऱ्याच भागात फक्त १.६ मिलिमीटर जाड असतो. त्याला स्क्रू मारला तर भोक पडतंच, पण उन्हापावसात उभा असलेला तो स्क्रू थंडी आत आणणारी वाटही होऊन बसतो.

त्यापेक्षा गंभीर बाब लांब बाजूला होती. तिथे तीन मीटर रुंदीचं सरकतं काचेचं दार बसवलेलं होतं आणि ते अडकत होतं. ताईंना वाटे रुळात कचरा आहे. आम्ही वरच्या दोन कोपऱ्यांतल्या ओतीव ठोकळ्यांमध्ये दोरी ताणली, तर वरचा बीम मध्यावर ११ मिलिमीटर खाली आलेला.

कंटेनर मजबूत असतो हे खरं, पण ती मजबुती कुठे असते ते नीट समजून घ्यायला हवं. जहाजावर एकावर एक रचलेल्या थरांचं वजन चार कोपऱ्यांच्या खांबांतून खाली जातं. दोन खांबांमधली बारा मीटरची लांबी मात्र तो पन्हळी पत्राच धरून ठेवतो. वरचा बीम, खालचा बीम आणि त्यांना सलग वेल्ड केलेला पत्रा मिळून एक खोल तुळई बनते. त्यातला तीन मीटर पत्रा कापला की मागे राहते ती वरची साधारण ६० मिलिमीटरची चौकोनी नळी. इथे कापलेल्या कडेला फक्त सजावटीपुरता पातळ अँगल लावलेला होता.

छताचंही तसंच. वर मध्यावर ५०० लिटरची पाण्याची टाकी ठेवली होती, म्हणजे भरली की अर्धा टन. कंटेनरच्या छताची चाचणी ६०० बाय ३०० मिलिमीटर जागेवर ३०० किलो ठेवून घेतात. ती माल चढवताना वर चालणाऱ्या माणसांसाठी असते, कायमच्या ओझ्यासाठी नाही. टाकीखाली छत वाटीसारखं बसलं होतं आणि त्या वाटीत पाणी साचून रंगाचे पापुद्रे सुटले होते.

टाकी उतरवून शेजारी स्वतंत्र स्टँडवर घेतली. दाराच्या जागी जॅकने बीम हळूहळू उचलून दोरीला आणला, आणि १०० बाय ५० च्या बॉक्स सेक्शनची, म्हणजे पोकळ लोखंडी नळीची, पूर्ण चौकट, म्हणजे दोन उभे, वर एक आणि खाली एक, आत वेल्ड करून बसवली. वेल्डिंगचे मिस्त्री अनुभवी होते. ते बोटभर टाका इथे, मग तीन फूट सोडून दुसरा, असं करत गेले. सलग ओढलं असतं तर पातळ पत्र्याने उष्णतेने लाटा धरल्या असत्या.

वेल्डिंगआधी सगळ्या काचा काढून बाहेर नेऊन झाकल्या. याचं कारण आधीच्याच काचांवर दिसत होतं: खसखशीएवढे तपकिरी ठिपके, पुसून न जाणारे. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे लोखंडाचा तापलेला कण. तो काचेवर पडला की तेवढ्या बिंदूपुरता रुततो आणि नंतर गंजतो. नखाने चाचपलं तर टोचतात.

कापलेल्या प्रत्येक कडेला, वेल्डच्या प्रत्येक रेषेला तारेच्या ब्रशने घासून झिंक प्रायमर आणि वर रंग. कॉर्टेन, म्हणजे कंटेनरचं पोलाद, सावकाश गंजतं, म्हणून उघडं सोडलं तर चालतं असा एक समज आहे. ते पोलाद आपला संरक्षक थर ओलं-सुकं होत राहिलं तरच धरतं. भिंतीआड कायम दमट राहणाऱ्या जागी तो थर स्थिरावत नाही. तळाच्या पट्टीत आम्हाला गंजाचे पापुद्रे निघाले, आणि हा कंटेनर आत दीड वर्षच भिजत होता.

जमिनीखालचा प्रश्न

कंटेनरची मूळ जमीन २८ मिलिमीटरच्या प्लायची असते आणि ती कीड लागू नये म्हणून औषध दिलेली असते. दारावरच्या सीएससी प्लेटवर, म्हणजे कंटेनरच्या सुरक्षिततेच्या नोंदीच्या पत्रीवर, लाकडाला कोणतं औषध, कोणत्या साली दिलं ते कोरलेलं असतं. घर करणाऱ्याने ती प्लेट रंगाखाली झाकण्याआधी तिचा फोटो घेऊन ठेवावा. आधीच्या कामात या जमिनीवर फोमची पातळ चटई टाकून थेट लॅमिनेट बसवलं होतं.

पूर्ण जमीन काढून नवी टाकायची की तीच बंद करायची, यावर आम्ही दोन दिवस घातले. प्लाय टणक होता, फक्त बाथरूमकडचा मीटरभर पट्टा कुजला होता. तेवढा कापून काढला, बाहेर मोकळ्या हवेत, मास्क लावून, आणि तुकडे जाळू दिले नाहीत. बाकीचा भाग पुसून, सुकवून त्यावर इपॉक्सी या घट्ट बसणाऱ्या लेपाचे दोन हात दिले. मशिनने घासायचा मोह टाळला. ती धूळ म्हणजे वर्षानुवर्षं मुरलेलं कीटकनाशक आणि सांडलेल्या मालाचे अंश. इपॉक्सीवर सांधे टेपने बंद केलेले २५ मिलिमीटरचे एक्सपीएस (दाट थर्मोकोलसारखे) बोर्ड, त्यावर १२ मिलिमीटर प्लाय, वर ५ मिलिमीटरचं विनाइल. उंची ४२ मिलिमीटर खर्ची पडली.

मिलिमीटरचा जमाखर्च

कंटेनर घरात आतल्या कामाचा खरा नकाशा म्हणजे हा जमाखर्च. दोन पत्र्यांमध्ये आत मिळतात २३५२ मिलिमीटर. आधीच्या पद्धतीत दोन्ही बाजूंना ६२-६२ गेले होते, उरले २२२८. नव्या पद्धतीत पत्र्यावर फवारून फुगणारा फोम मारायचा होता, त्यासाठी बॅटन पत्र्यापासून २५ मिलिमीटर दूर उभा राहणार होता, म्हणजे २५ अधिक ५० अधिक जिप्समचे १२.५. दोन्ही बाजू मिळून १७५, उरतात २१७७. ताईंच्या यजमानांनी टेप धरून दोनदा मोजलं. पलंग आडवा टाकायचा तर त्याची लांबी दोन मीटर, वर १७ सेंटिमीटर उरतात, चादर खोचायला हात जातो. तेव्हा त्यांनी होकार दिला.

बॅटन पत्र्याला न टेकता उभा कसा राहतो? खाली जमिनीवरच्या लाकडी पट्टीला, वर बीमवर वेल्ड केलेल्या छोट्या पट्ट्यांना, आणि मध्ये एका प्लॅस्टिकच्या ठोकळ्यावर. ओळंबा लावून ते उभे केले की सुरुवातीला डुगडुगतात. मागून फोम भरला की पत्रा, फोम आणि लाकूड एकजीव होतात आणि हलवून हलत नाहीत.

छताला ७५ मिलिमीटर फोम आणि खाली जिप्समची सीलिंग, मिळून १०६. मूळ उंची २६९८ होती. जमिनीचे ४२ आणि छताचे १०६ वजा करून २५५० राहिली. साध्या उंचीच्या कंटेनरमध्ये आत साधारण २३९० च मिळतात. त्यातून हेच वजा केलं तर २२४२ उरले असते, आणि उंच माणसाला छताचा पंखा तिथे धोक्याचा. राहण्यासाठी हाय क्यूबच घ्या असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो ते यासाठी.

फोमचा दिवस

क्लोज्ड सेल (बंद बुडबुड्यांच्या) पॉलियुरेथेन फोमची निवड दोन कारणांनी केली. तो उष्णता अडवतोच, शिवाय पत्र्याला चिकटून बाष्पही अडवतो आणि पन्हळीच्या प्रत्येक खाचेत जाऊन बसतो. बोर्ड कापून चिकटवले असते तर प्रत्येक खाचेमागे पोकळी राहिली असती आणि त्या पोकळीत पुन्हा तोच ओघळ.

पण हे काम मनाला येईल तेव्हा करता येत नाही. आम्ही पहिल्या दिवशी यंत्र आणून परत पाठवलं, कारण पत्रा दवबिंदूपेक्षा जेमतेम अंशभर वर होता. किमान तीन अंश तरी हवेत. ओल्या किंवा धुळकट पत्र्यावर फोम फुगतो, पण धरत नाही. दुसऱ्या दिवशी आत हीटर लावून पत्रा तापवला, आणि आधी एका कोपऱ्यात हातभर चौकोनाचा नमुना मारला. तासाभराने सुरीने चौकोन कापून ओढला. फोम मधून फाटला, पत्र्यावर त्याचा थर तसाच राहिला. हेच पाहायचं असतं. सबंध तुकडा सुटून आला असता तर पत्रा पुन्हा घासावा लागला असता.

मग २५-२५ मिलिमीटरच्या थरांत काम. एका दमात जाड थर मारला तर आतली रासायनिक उष्णता बाहेर पडत नाही. फोम आतून करपतो, पेटूही शकतो. मारणाऱ्याच्या अंगावर पूर्ण सूट आणि ताजी हवा पुरवणारा मुखवटा होता, कारण त्या फवाऱ्यातलं आयसोसायनेट हे रसायन फुप्फुसांना कायमची इजा करू शकतं. दुसऱ्या दिवसापर्यंत कुणालाच आत सोडलं नाही.

मोठ्या भिंती लवकर झाल्या. वेळ गेला तो कानाकोपऱ्यांत: खांबांची आतली तोंडं, वरचा बीम, दाराच्या वरची जाड पट्टी, नव्या बॉक्स सेक्शनची चौकट. भिंत उबदार झाली की बाष्प उरलेला गार तुकडा शोधत जातं, म्हणून बोटभर लोखंडही उघडं सोडायचं नाही. एक नियम मी लेखी दिला: फोमनंतर या घरात वेल्डिंग किंवा कटिंग नाही. भिंतीआड पेटलेला फोम विषारी धूर सोडतो आणि आग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणूनच घरातल्या बाजूने सगळा फोम १२.५ मिलिमीटर जिप्समने झाकला.

तारा, पाणी, हवा

बॅटन ५० चा, मागे २५ ची जागा आणि फोम ५० चा, म्हणजे फोमच्या पुढे २५ मिलिमीटर पोकळी उरते. त्यातून २० मिलिमीटरचे कंड्युट, म्हणजे तारांच्या नळ्या, नेले. तारा फोममध्ये गाडल्या तर त्यांची उष्णता कोंडते आणि तीच तार कमी भार सोसते. जुन्या वायरिंगमध्ये कापलेल्या पत्र्याच्या धारेवरून रबराच्या कडीशिवाय नेलेली एक तार सापडली. तिचं आवरण अर्धं घासलं होतं. अख्खं घर लोखंडाचं असताना ती उघडी पडली असती तर हात लावाल तिथे झटका. आता कंटेनरचं अंग जाड तारेने अर्थिंगला जोडलं आहे आणि बोर्डावर वीज गळताच पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीडी आहे.

पाण्याच्या लाइनी जिप्सम लावण्याआधी चोवीस तास दाबाखाली ठेवल्या. संडासाचा १०० मिलिमीटर पाइप जमिनीखालच्या दोन आडव्या चॅनलच्या मधून उतरवला. चॅनल कापावा लागू नये म्हणून भांडंच आठ सेंटिमीटर सरकवलं.

पंखा आलाच, पण आता त्याचं काम वेगळं. बाथरूम आणि ओट्यावरची वाफ थेट बाहेर सोडणारे दोन एक्झॉस्ट, समोरच्या टोकाला हवा आत घेणारी झडप, आणि आतल्या दारांखाली बोटभर फट, म्हणजे हवा बारा मीटर चालत येते. मालाची मूळ दारं आतून उघडत नाहीत, त्यांचे दांडे बाहेर असतात. ती उघडी ठेवून हुकने कायमची अडकवली. झोपण्याच्या खोलीची खिडकी माणूस बाहेर पडू शकेल एवढी मोठी केली, तीही अर्थातच फोमआधी.

फिनिशिंगबद्दल एकच गोष्ट लांबवून सांगतो. बारा मीटर पोलाद ४० अंशांच्या फरकाने जवळपास सहा मिलिमीटर लांब-आखूड होतं. जिप्समचे सगळे सांधे घट्ट भरले तर पहिल्याच उन्हाळ्यात चिरा पडतात. म्हणून दर चार मीटरवर एक मोकळा सांधा ठेवून त्यावर पट्टी बसवली आणि बोर्ड जमिनीपासून दहा मिलिमीटर उचलून स्कर्टिंगने झाकले. कपाटं बाहेरच्या भिंतीला न टेकवता तीन सेंटिमीटर पुढे आहेत.

पलंगामागे, जिथे पहिलं पॅनल उघडलं होतं त्याच जागी, आम्ही वहीच्या पानाएवढी झडप ठेवली. थंडीच्या शेवटी ताईंनी बोलावलं, पुन्हा सकाळी साडेसहाला. खोलीत २१ अंश, आर्द्रता ५८ टक्के. झडप उघडून हात आत घातला. फोम कोरडा, बॅटन कोरडा, वास ताज्या लाकडाचा. मग आम्ही तिघांनी टॉर्च घेऊन घरभर कोपरे तपासले. मालाच्या दाराकडच्या डाव्या खांबाच्या पायथ्याशी, विनाइल संपतं तिथे, बोटाला ओल लागली: तळहाताएवढी जागा, जिथे खांब, तळाचा बीम आणि जमीन एकत्र येतात आणि फवाऱ्याचं तोंड नीट पोचलं नव्हतं. यजमानांनी स्कर्टिंग काढून दिलं. आम्ही ती जागा कोरडी केली, डब्यातला फोम भरला, आणि तिथेही एक झडप ठेवली.